नव्या गाडीला पाडलेलं भोक : जुन्या गाड्यांच्या एरियलची गोष्ट



नवी गाडी घरी आली की आपण काय करतो? बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढतो, श्रीफळ ठेवतो, आणि पुढचे पंधरा दिवस कुणी तिला नुसतं बोट लावलं तरी आपला जीव वरखाली होतो. सीटवरचं प्लास्टिक तर कित्येक घरांत सहा महिने निघत नाही. पण एक काळ असा होता की गाडी शोरूममधून बाहेर पडण्याआधीच एक मिस्त्री हातात ड्रिल घेऊन यायचा आणि तिच्या नव्याकोऱ्या मडगार्डला चक्क भोक पाडायचा. तेही मालकाच्या संमतीने, आणि वर त्याचे पैसे घेऊन! ते भोक असायचं रेडिओच्या एरियलसाठी.

आजच्या गाडीच्या टपावर माशाच्या परासारखा छोटासा उंचवटा असतो. तो कारखान्यातूनच येतो, त्यामुळे आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पूर्वी तसं नव्हतं. रेडिओ आणि एरियल ही गाडीपेक्षा वेगळी खरेदी होती. गाडी कारखान्याची, रेडिओ दुसऱ्याच कंपनीचा, एरियल तिसऱ्याची, आणि तिघांची गाठ घालून देणारा गावातला डीलर. या छोट्याशा काठीची गोष्ट फार जुनी आणि मजेची आहे. घरात जुनी गाडी असेल किंवा कधी असली असेल, तर तुम्हाला ती आपलीच वाटेल.

टपात लपलेली जाळी

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९२२ साली तिथे शेवरोले गाडीत वेस्टिंगहाउसचा रेडिओ बसवला गेला, त्याची किंमत २०० डॉलर होती. त्याच्या एरियलने गाडीचा सगळा टप व्यापलेला होता असं वर्णन वाचायला मिळतं. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. काचेचे बल्बसारखे व्हॉल्व्ह, त्यांना लागणाऱ्या वेगळ्या जड बॅटऱ्या, वेगळा भोंगा. घरात हे सगळं एका टेबलावर मावायचं. गाडीत कुठे ठेवणार? बॅटऱ्या मग गाडीच्या जमिनीखाली जागा कापून बसवत.

एरियलचं मात्र तेव्हा सोपं होतं. त्या काळच्या बंद गाड्यांचे टप पूर्ण पत्र्याचे नसत. लाकडाची चौकट, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी, वर कापसाचा थर आणि सगळ्यात वर रंग दिलेलं जाड कापड. ही जाळी टपाला आधार द्यायला होती, पण रेडिओवाल्यांनी ओळखलं की हेच तर आयतं एरियल आहे! जाळीच्या कडा थोड्या कापायच्या, म्हणजे ती बॉडीच्या पत्र्याला टेकणार नाही, आणि तिला एक तार जोडून ती खांबातून खाली रेडिओपर्यंत आणायची. बाहेरून काही दिसत नसे.

खरी डोकेदुखी होती खरखर. गाडीच्या इंजिनात दर क्षणाला ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओला ऐकू येते. गाणं लावलं की मागे फुटाण्यांच्या भट्टीसारखा आवाज. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक स्पार्क प्लगला विरोधक आणि डायनामोला कपॅसिटर लावावा लागे. गाडी बंद असताना रेडिओ चांगला वाजे, सुरू केली की बिघडे. म्हणजे गाडीतल्या रेडिओचा मूळ हेतूच बाद!

शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी १९२८ मध्ये एक छोटा कारखाना काढला होता. घरचा रेडिओ बॅटरीऐवजी विजेवर चालवणारं उपकरण ते बनवत. तो धंदा बसायला लागल्यावर त्यांनी गाडीच्या रेडिओत हात घातला. त्यांच्याबरोबर काम करणारे विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. हे दोघं आपल्या मैत्रिणींना घेऊन मिसिसिपी नदीकाठी संध्याकाळ बघायला गेले होते, आणि त्या मुलींपैकी एक म्हणाली, गाडीत गाणी ऐकता आली असती तर किती बरं झालं असतं. किस्सा कितपत खरा, कोण जाणे. पण सांगणारे त्या मुलींची नावं क्वचितच सांगतात, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

१९३० मध्ये पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला गेले. आत दुकान मांडायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. लोक थांबले, ऐकलं, ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. मोटर शब्दाला त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांसारखं 'ओला' हे शेपूट लावलेलं. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच हे नाव घेतलं. रेडिओची किंमत ११० ते १३० डॉलरच्या घरात होती, आणि तेव्हा फोर्डची चांगल्यातली मॉडेल ए गाडी ५४० डॉलरला मिळे. म्हणजे गाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा रेडिओ! आणि बसवायला दोन माणसं काही दिवस राबत.

युरोपात पहिला गाडीचा रेडिओ १९३२ मध्ये जर्मनीत आला, ब्लाउपुंक्टचा. वजन १५ किलोच्या आसपास, किंमत छोट्या गाडीच्या एक तृतीयांश. ब्लाउपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. मूळच्या 'आयडियल' नावाच्या कंपनीत तपासून पास झालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावत. लोक दुकानात जाऊन निळ्या ठिपक्याचाच द्या म्हणू लागले आणि ठिपक्याचंच नाव कंपनीला पडलं. आपणही दुकानात माल असाच खुणेवरून मागतो की नाही?

पत्र्याचा टप आला आणि एरियल बेघर झालं

१९३५ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने गाड्यांना एकसंध पोलादी पत्र्याचा टप द्यायला सुरुवात केली. मजबूत, गळणार नाही, गाडी उलटली तरी माणसं वाचण्याची शक्यता जास्त. हळूहळू सगळ्यांनीच तसं केलं. गाडीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा, पण एरियलचं घर गेलं.

का ते समजायला एक घरगुती प्रयोग करा. मोबाईल स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून लावून बघा. बरेचदा रेंजच जाते. रेडिओच्या लहरी धातूच्या बंद डब्यात नीट शिरत नाहीत. पोलादी टपाची गाडी म्हणजे खिडक्या असलेला डबाच. आतलं एरियल मग जवळजवळ बहिरं होतं.

काही वर्षं एरियल गाडीखाली, चढताना पाय ठेवायची पायरी असते तिच्या खाली लावून बघितलं. तिथे चिखल, दगड, पाणी. शिवाय जमिनीच्या इतकं जवळ असल्यामुळे स्टेशन नीट लागेना. शेवटी एकच जागा उरली, बाहेर आणि उभी. पुढच्या काचेच्या बाजूला किंवा मडगार्डवर एक धातूची काठी. एकात एक सरकणारी, म्हणजे हवी तेव्हा ओढायची आणि नको तेव्हा ढकलून द्यायची. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते एरियल हेच.

या काळात रेडिओ गाडीत असावा का, यावरही वाद झाले. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३० च्या सुमारास त्यावर बंदी आणण्याचा प्रस्ताव होता. चालवणाऱ्याचं लक्ष उडेल, संगीताने झोप येईल, असं म्हणणं होतं. आज मोबाईलबद्दल आपण मुलांना जे बोलतो तेच!

कारखाना स्वतः का बसवत नव्हता?

याचं उत्तर अगदी आपल्या संसारातलं आहे. साडीबरोबर फॉल-पिको का करून येत नाही? कारण ज्याला नको त्याला त्याचे पैसे कशाला लावायचे, आणि ज्याला हवं त्याच्याकडून दुकानदाराला दोन पैसे सुटतात.

कारखान्याला गाडीची जाहिरातीतली किंमत कमी ठेवायची असे. रेडिओ, हीटर, घड्याळ, जादा आरसा हे सगळं वेगळ्या यादीत. कारखान्यातून बसवून घेतलं तर गाडीची ऑर्डर द्यायची आणि वाट बघायची. डीलरकडे मात्र गाडी समोर उभी असे. गिऱ्हाईक म्हणे रेडिओ हवा, डीलर म्हणे परवा या. गाडी विकण्यात जेवढी ओढाताण होई तेवढी या सामानात होत नसे, त्यामुळे डीलरही खूश. परदेशी पाठवायच्या गाड्यांचं तर आणखीच. प्रत्येक देशातली स्टेशनं वेगळी, म्हणून रेडिओ तिकडेच बसवणं सोयीचं.

फोक्सवॅगनची बीटल हे याचं उत्तम उदाहरण. कित्येक बीटल जर्मनीतून रेडिओशिवाय निघाल्या. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी एक कोरी पट्टी असे. ती काढून डीलर ब्लाउपुंक्ट, बेकर, मोटोरोला यांपैकी एखादा रेडिओ बसवून देई. अमेरिकेत सफायर नावाचेही पुष्कळ बसले. एरियल पुढच्या काचेच्या बाजूला, डाव्या अंगाला.

याचा परिणाम असा झाला की एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांची एरियलं दोन ठिकाणी दिसतात. एकीच्या डाव्या मडगार्डवर, दुसरीच्या उजव्या. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मागच्या मडगार्डांवर दोन तिरक्या काठ्या लावायची फॅशन आली. त्यातली एक बरेचदा नुसती शोभेची, आत तारच नाही! एका हाताला खऱ्या आणि दुसऱ्याला खोट्या बांगड्या घालाव्यात तसं.

भोक कसं पाडायचं

हे काम दिसतं सोपं, पण त्यात हात लागतो. मी गॅरेजमध्ये उभी राहून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी जागा ठरवायची. मडगार्डच्या खाली हात घालून बघायचं की आत चाकाचा उंचवटा, बॅटरी, बिजागरी काही आड येत नाही ना. कंपनीच्या पाकिटात कधी कधी कागदी साचा असे. तो पत्र्यावर चिकटवायचा आणि मध्यबिंदूवर ठोशाने खूण करायची. मग बारीक ड्रिलने पहिलं भोक आणि ते कानशीने किंवा गोल करवतीने वाढवत वाढवत साधारण रुपयाच्या नाण्याएवढं करायचं. लहान झालं तर एरियल शिरत नाही, मोठं झालं तर ते झाकता येत नाही. शर्ट बेतताना काजं कापतो तसंच. एकदा कात्री चालली की मागे फिरणं नाही.

यानंतरची दोन कामं बाहेरून दिसत नाहीत, आणि आळशी मिस्त्री नेमकी तीच टाळतो. पहिलं म्हणजे भोकाच्या खालच्या बाजूचा रंग खरवडून पत्रा उघडा करणं. एरियलचा खालचा दातेरी भाग त्या उघड्या पत्र्यात रुतला पाहिजे, म्हणजे अर्थिंग पक्कं होतं. रंगावरच नट आवळला तर स्टेशन लागेल, पण इंजिनाची खरखर पाठ सोडणार नाही. दुसरं म्हणजे वरच्या बाजूला रबराची गादी नीट बसवणं. ती नसेल किंवा वाकडी असेल तर पावसाचं पाणी थेंब थेंब आत जातं, आणि चार-पाच पावसाळ्यांत मडगार्ड आतून कुजायला लागतं. वरचा रंग फुगून फोड आले की समजायचं, खाली पत्रा उरलेला नाही.

शेवटी जाड तार डॅशबोर्डच्या मागे न्यायची, पत्र्यातून जाताना तिला रबरी कडं घालायचं आणि रेडिओला जोडायची. आता सगळ्यात नाजूक काम. जुन्या रेडिओला एरियलच्या भोकाजवळ एक छोटा स्क्रू असतो. एरियल पूर्ण ओढून, मीडियम वेव्हवर १४०० च्या आसपास एखादं क्षीण स्टेशन पकडायचं, आवाज मोठा करायचा आणि तो स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोठा येईल तिथे थांबायचं. हे केलं नाही तर महागातला रेडिओही खोलवर विहिरीतून बोलल्यासारखा वाजतो.

हा स्क्रू का लागतो, तेही सांगते. आमच्या सांगली आकाशवाणीची घोषणा तुमच्यापैकी अनेकींना पाठ असेल, मध्यम लहरी २३९.८ मीटर अर्थात १२५१ किलोहर्ट्झ. हे मीटर म्हणजे त्या लहरीची लांबी. उभं एरियल लहरीच्या पाव लांबीचं असलं तर उत्तम काम करतं. म्हणजे सांगलीसाठी ६० मीटर, जवळपास वीस मजली इमारतीएवढं! गाडीवर मीटरभराची काठी. इतकं तोकडं एरियल रेडिओशी जुळवून घ्यावं लागतं, ते काम तो स्क्रू करतो. एफएमची लहर तीनेक मीटरची, तिचा पाव हिस्सा पाऊण मीटर. म्हणून एफएमला गाडीची काठी अगदी मापात बसते.

कुर्ल्याच्या गाड्या

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या कुर्ल्यातला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरचे, आपल्याच समाजातले. कंपनीची स्थापना १९४४ ची. १९४७ मध्ये क्रायस्लरबरोबरच्या करारातून डॉज, प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक तिथे बाहेर पडू लागले. १९५१ पासून इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले. ज्या गाडीने कुर्ल्याचं नाव घरोघरी नेलं ती त्यांनी पाहिली नाही. तीच गाडी पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. आपल्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आणि इतकं थांबून हाती येणाऱ्या गाडीत रेडिओ नसे. तो नंतर डीलरकडून किंवा सुट्या सामानाच्या दुकानातून बसवून घ्यायचा. इथवर अमेरिकेसारखंच. आपल्याकडे आणखी एक पायरी होती, परवाना. रेडिओ बाळगायला सरकारचा परवाना लागे, तो पोस्टात मिळे आणि दरवर्षी पैसे भरून नवा करून घ्यावा लागे. गाडीतला रेडिओही त्यातून सुटलेला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत राहिली. त्या छोट्या पुस्तिका, त्यावरची तिकिटं आणि पोस्टाचे शिक्के जुन्या घरांत अजून सापडतात.

ऐकायला काय होतं? १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. त्याआधी हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी लोक रेडिओ सिलोनकडे वळले होते. क्रिकेटची कॉमेंट्री, बातम्या, आणि आमच्या भागात सांगली केंद्र. बाजारभाव, शेतीचे कार्यक्रम, बायकांसाठीचे कार्यक्रम. व्हॉल्व्हचे अवजड रेडिओही तोवर मागे पडत चालले होते. गाडीसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी जाहीर केला, तिथे त्याची किंमत १५० डॉलर होती. ट्रान्झिस्टरने बॅटरीवरचा भार आणि रेडिओचा आकार दोन्ही कमी केले, तेव्हा कुठे आपल्यासारख्या घरांच्या गाड्यांत रेडिओ परवडू लागला.

आमच्या फियाटचं मडगार्ड

आमच्या सासरी हळदीचा व्यापार. मामंजींची पांढरी फियाट सासूबाईंच्या आठवणीत अजून धावते. मामंजी गावोगावी माल बघायला जात आणि कधी कधी त्यांनाही बरोबर नेत. ते उतरून शेतकऱ्याशी बोलत बसत, तासन् तास. सासूबाई गाडीत. त्या काळी घरातली सून अनोळखी ओसरीवर जाऊन बसणं बरं दिसत नसे. रेडिओचा हट्ट त्यांचाच. मामंजींना तो खर्च वायफळ वाटत होता. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही माणसांशी बोलता, मी काय स्टिअरिंगशी बोलू?" दुसऱ्या आठवड्यात रेडिओ बसला.

एरियल वर ओढणं आणि उतरताना खाली ढकलणं हे त्यांचं काम. ढकललं नाही तर पोरं ते मोडून तलवारी करत. त्या सांगतात की दिवाणखान्यातल्या रेडिओवर आधी बाप्यांच्या बातम्या, मग मुलांचं काहीतरी, आणि शेवटी वेळ उरला तर बायकांचं. गाडीतल्या रेडिओची खुंटी मात्र एकट्या त्यांच्या हातात असे. दुपारी झाडाखाली उभ्या गाडीत, काचा खाली करून, दुसऱ्या कुणाला न विचारता लावलेलं स्टेशन. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला तो पहिला स्वतःचा रेडिओ.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने ती फियाट नव्याने करून घ्यायला काढली. एरियलचं भोक पाडणाऱ्या डीलरच्या माणसाने तेव्हा रबराची गादी घातलीच नव्हती. आतून मडगार्ड ओंजळभर कुजलेलं निघालं. पुतण्या म्हणाला, "काकू, पत्रा बदलतोच आहे तर भोक कायमचं बुजवू या. कारखान्यातून आली तशी दिसेल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत 'मूळची' या शब्दाला फार मान असतो, आणि डीलरने बसवलेल्या वस्तूची कारखान्याच्या कागदांत नोंद नसते. नोंद नाही म्हणून ती बाहेरची, उपरी.

पण मला राहून राहून वाटत होतं, कारखान्याची नोंद म्हणजेच इतिहास का? आपल्या घरांतल्या किती गोष्टी अशाच नंतर आलेल्या असतात! ओट्याची उंची सासूने कमी करून घेतलेली, देवघराजवळचा कोनाडा जाऊबाईंनी पाडून घेतलेला. घराच्या नकाशात त्यातलं काहीच नाही. आणि तरी घरात राहणाऱ्या बायकांचा माग काढायचा तर तो तिथेच सापडतो. कारखान्याचा कागद सांगतो की १९७० च्या दशकात कुर्ल्याहून एक पांढरी गाडी निघाली. ती गाडी कोणी वापरली, दुपार कशी घालवली, कोणी कोणाचं ऐकून खर्च केला, हे फक्त ते भोक सांगतं.

शेवटी विचारायचं कोणाला, तर जिचा रेडिओ तिला. सासूबाई म्हणाल्या, "कारखान्यातून आली तेव्हा ती आपली नव्हतीच की. एरियल लागलं आणि मग घरी आली. बघा बाई, तुम्हाला पटेल तसं करा." पुतण्या हसला आणि ऐकलं. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, आणि त्या नव्या पत्र्याला, रंग द्यायच्या आधी, त्याच जागी पुन्हा भोक पाडलं. यावेळी खालचा पत्रा खरवडला, रबर नीट बसवलं. गॅरेजमध्ये उभी राहून मी बघितलं ते हेच काम.

काठी कुठे गेली?

मग हळूहळू एरियल पुन्हा लपायला लागलं. १९६९ च्या पाँटिॲक ग्राँ प्री गाडीत पुढच्या काचेतच केसासारखी बारीक तार घातली. दिसत नव्हती, मोडत नव्हती, गाडी धुताना आड येत नव्हती. पण स्टेशन काठीइतकं छान लागत नाही अशा तक्रारी होत्या. एफएम पसरलं तशी काठी आखूड झाली, रबरी झाली, टपावर गेली आणि शेवटी माशाचा पर झाली. रेडिओ कारखान्यातूनच येऊ लागला आणि डीलरच्या ड्रिलचं काम संपलं. भारतात १९७७ मध्ये मद्रासला एफएम सुरू झालं खरं, पण ते आपल्या गावांपर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर मीडियम वेव्ह आणि ती लांब काठी हेच आपलं.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर चार गोष्टी सांगते. पावसाळ्याआधी एरियलच्या बुडाचं रबर बघा. कडक होऊन तडकलं असेल तर बदला, खर्च अगदी किरकोळ आहे. मडगार्डच्या आतून हात फिरवा, पत्रा खरखरीत लागला तर वेळीच मिस्त्रीला दाखवा. रेडिओ कुजबुजत असेल तर नवा घेण्याआधी त्या छोट्या स्क्रूचं आणि अर्थिंगचं विचारा. आणि गाडी विकायची किंवा रंगवायची ठरली तर जुनी बिलं, रेडिओच्या परवान्याची पुस्तिका रद्दीत घालू नका. डीलरने काय, कधी बसवलं याचा तेवढाच पुरावा असतो.

गाडी कधीच विकून झाली असेल, तर घरातल्या मोठ्या बायकांना एवढंच विचारा की गाडीत रेडिओ होता का, आणि लावायचं कोण? आमच्या सासूबाईंनी गाडीचं मॉडेल, वर्ष, नंबर यातलं काही नीट सांगितलं नाही. पण सांगलीला दुपारी काय लागायचं, हे सगळं क्रमाने सांगितलं. तुमच्याकडे काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा.